चेकबुक आपल्या बँकेकडूनच घ्यावे



भाताची झोडणी उरकली, पेंढा विकला, गवताच्या गाड्या भरून गेल्या, की आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात पैशाची देवघेव सुरू होते. ट्रॅक्टरचे भाडे, खताच्या दुकानाची उधारी, मजुरी, मुलांची फी. केळवे-माहीमचे पानवेलीवाले आणि चिंचणी-डहाणूकडचे चिकूवाले यांचा व्यवहार तर बारमाही. यातला बराचसा आता मोबाईलवर उरकतो हे खरे, तरीपण मोठी रक्कम असली किंवा लेखी पुरावा हवा असला की चेक लागतोच. आणि चेकबुक नेमके अशाच वेळी संपते. मग कोणी सांगतो, ‘‘बँकेत कशाला दिवस मोडतोस? मोबाईलवर स्वस्तात चेक छापून मिळतात, घरपोच येतात.’’ ते मागवावेत का, असा प्रश्न पडतो.

उत्तर सरळ आहे. मागवू नयेत. आपल्या देशात चेकबुक फक्त आपल्या बँकेकडूनच मिळते. ते का, आणि बँकेकडूनच ते कमी खर्चात व बिनघोर कसे मिळवावे, हे या पत्रकात सांगितले आहे.

त्या जाहिराती मुळात आपल्यासाठी नसतात. अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथला खातेदार बँकेकडून चेक घेऊ शकतो, नाहीतर खाजगी छापखान्याला नाव, खाते क्रमांक आणि बँकेचा क्रमांक कळवून स्वतःचे चेक छापून घेऊ शकतो. बँकेपेक्षा ते स्वस्त पडतात, म्हणून तिथे त्याची मोठी बाजारपेठ आहे. कोणाचा भाचा, पुतण्या तिकडे असेल तर तो खरेच सांगत असतो. पण ती रीत इथे लागू पडत नाही. आपल्याकडे चेकचा कागद, आकार, शाई, मजकुराची जागा हे सगळे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या दर्जाप्रमाणे असावे लागते. हा दर्जा २०१० साली ठरला, म्हणून त्याला ‘सीटीएस-२०१०’ म्हणतात. त्याप्रमाणे बँका आपापले चेक ठरावीक सुरक्षा छापखान्यांतून छापून घेतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, तेही समजून घ्या. पूर्वी बोईसरला भरलेला मुंबईच्या बँकेचा चेक कागदाच्या रूपानेच मुंबईला जायचा. आता कागद जिथे भरला तिथेच राहतो आणि त्याचे फक्त चित्र तारेवाटे पैसे देणाऱ्या बँकेकडे जाते. मुंबईत ही पद्धत एप्रिल २०१३ पासून सुरू झाली. पैसे देणारा कारकून तुमचा चेक हातात धरीत नाही, तो चित्र बघतो. म्हणून कागदाची आणि शाईची खूण चित्रातही ओळखू आली पाहिजे. या दर्जात न बसणारे जुने चेक २०१८ च्या अखेरीपासून या वटणावळीतून बाद झाले. मग बाहेरून छापलेले पान, खात्यात लाख रुपये असले तरी, वटायचे कसे?

पण ते पान न वटणे हे नुकसान लहान. खरे नुकसान मागणी नोंदवतानाच होते. ‘चेक छापून देतो’ म्हणणाऱ्याला तुम्ही नाव, खाते क्रमांक, शाखा, मोबाईल क्रमांक देता. तो सहीचा नमुना मागतो, जुन्या चेकचा फोटो मागतो, आणि शेवटी ‘खात्री करण्यापुरता’ ओटीपी मागतो. तिजोरीच्या किल्ल्या एकेक करून हातात दिल्यासारखेच हे. आपल्या जिल्ह्यात तर जास्त जपले पाहिजे. मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई–अहमदाबाद जलदगती रेल्वे, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग यांसाठी कित्येकांच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याच्या रकमा खात्यांवर आल्या. एकदा गेलेली जमीन परत येत नाही, तिचे पैसेही गेले तर हाती काय राहणार?

बियाण्याच्या बाबतीत हे आपण फार पूर्वी शिकलो आहोत. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. ती बघितल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय शहाणा शेतकरी पिशवी उचलत नाही. सुटे बी कितीही स्वस्त असले तरी ते रुजेल की नाही याची हमी कोण देणार? चेकबुकालाही तोच नियम लावा.

मागणी कशी करावी

जुन्या चेकबुकात शेवटच्या पानांच्या आसपास मागणीची चिठ्ठी असते. ती भरून, सही करून शाखेत दिली की काम झाले. चिठ्ठी हरवली असेल तर शाखेत मागणीचा अर्ज मिळतो. बऱ्याच बँकांच्या एटीएम यंत्रावर आणि बँकेच्या स्वतःच्या मोबाईल ॲपवरही ही मागणी नोंदवता येते. म्हणजे घरबसल्या मागवण्याची सोय आहेच, फक्त ती आपल्या बँकेच्या दारातून आहे. संकेतस्थळावरून मागणी करणार असाल तर पत्ता नीट वाचा. बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून वर जे पहिले दिसेल ते उघडण्याची सवय मात्र सोडावी. मदतकेंद्राचा फोन क्रमांकही तसा शोधू नये. तो पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, तिथूनच घ्यावा.

आता खर्चाचे. बचत खात्याला बहुतेक बँका वर्षाला काही पाने फुकट देतात, त्यापुढे शुल्क घेतात. किती पाने फुकट आणि पुढे काय दर, हे प्रत्येक बँकेचे वेगळे, आणि ते बदलतही राहते. शाखेत शुल्काचा तक्ता असतो, तो मागून वाचावा. संकोच करू नये. शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. जुलै २०२२ पासून चेकबुकाच्या शुल्कावर तो सरसकट लागू आहे. तेव्हा काटकसर करायची तर ती पाने जपून वापरण्यात आहे. दोन-पाच हजारांच्या देण्याला चेक फाडू नये, मोबाईलवरून द्यावेत. बचत खात्यातून ऑनलाईन केलेल्या एनईएफटीला १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. फुकट मिळणारी पाने वर्षात पुरतात की नाही याचा अंदाज घ्या. वर्षाला आठ-दहा चेक लागणाऱ्याला मोठे चेकबुक घेऊन ठेवण्याची गरज नाही. व्यापार करणाऱ्याला मात्र एकदम जास्त पानांचे परवडते, आणि मागणी केल्यास बँकेने ते द्यावे असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. आणि हेही ध्यानात ठेवा, की एक चेक न वटता परत आला तर त्याचा दंड चेकबुकाच्या दरापेक्षा सहज जास्त होतो.

चेकबुक बहुधा टपालाने येते. इथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते, ती पत्त्याची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण पुष्कळांच्या खात्यावर अजून ‘जिल्हा ठाणे’ आहे. पाड्याचे नाव नसते, पिनकोड चुकीचा असतो. बोईसरचा ४०१५०१, तारापूरचा ४०१५०२, चिंचणीचा ४०१५०३, पालघरचा ४०१४०४. एका आकड्याने पाकीट दुसऱ्या टपाल कचेरीत जाते आणि तिथून बँकेकडे परत. अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणची माणसे नव्या वसाहतीत गेली. अशांनी जुना पत्ता खात्यावर राहिला आहे का ते मुद्दाम बघावे. टपालाचा भरवसा वाटत नसेल तर ‘चेकबुक शाखेतच घेईन’ असे सांगावे. मागणी केल्यास चेकबुक खिडकीवर हातात द्यावे, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आणि ‘कुरिअरमध्ये गहाळ झाल्यास जबाबदारी माझी’ असे लिहून मागितले तर देऊ नये. असे लिहून घेणे गैर आहे, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले आहे.

काहींच्या घरी देना बँकेचे किंवा विजया बँकेचे जुने चेकबुक पडून असेल. या दोन्ही बँका १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने चेक बाद झाले. ते कोणाला देऊ नका, कोणाकडून घेऊही नका.

हाती आल्यावर तपासणी

पाकीट उघडलेले दिसले तर घेऊ नये. घेतल्यावर आधी पाने मोजा, क्रमांक ओळीने आहेत का पाहा, मध्येच एखादे पान गायब नाही ना याची खात्री करा. नाव आणि खाते क्रमांक पासबुकाशी ताडून बघा. मग एक पान उजेडाकडे धरा. कागदाच्या आत ‘सीटीएस-इंडिया’ अशी इंग्रजी अक्षरे जलचिन्हासारखी दिसली पाहिजेत, नोटेवर गांधीजी दिसतात तशी. डाव्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि ‘सीटीएस-२०१०’ असते. रकमेच्या चौकोनात रुपयाचे चिन्ह असते. या पानाची रंगीत झेरॉक्स काढली तर त्यावर ‘व्हॉइड’, म्हणजे रद्द, असा इंग्रजी शब्द उमटतो. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. बँकेचे चिन्ह आणखी एका अदृश्य शाईत छापलेले असते, पण ते फक्त निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकते, त्यामुळे ते तपासणे बँकेवर सोपवावे.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईचे आकडे असतात. पहिले सहा आकडे चेकचा क्रमांक, पुढचे नऊ आकडे गाव, बँक आणि शाखा यांची खूण. यंत्र ही पट्टी वाचते. तिच्यावर सही, शिक्का, टाचणी, घडी काही येऊ देऊ नये.

व्यापाऱ्याने तुम्हाला चेक दिला तर त्याच्या चेकचीही हीच तपासणी करावी. गवताचा व्यापारी लांबचा असेल तर विशेष. त्यात मान-अपमानाचा प्रश्न नाही, आपण भाताचा ओलावा दाताखाली धरून बघतोच की.

कोरा चेक सही करून देऊ नये

या पत्रकातले सर्वांत महत्त्वाचे म्हणणे हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

चेकबुक खरे, बँकेचे, पान अस्सल, आणि तरी माणूस बुडतो, तो कोऱ्या चेकमुळे. समजा तुम्ही पंपासाठी किंवा आजारपणासाठी एका खाजगी माणसाकडून चाळीस हजार घेतले. तो म्हणतो, ‘‘तारण काही नको, दोन कोऱ्या चेकवर सह्या कर, नुसती आठवण म्हणून.’’ तुम्ही सह्या करता. पुढे पैसे फेडता, रोखीने, पावतीशिवाय. चेक परत मागायचे राहून जाते, किंवा ‘शोधून देतो’ म्हणून तो टाळतो. वर्षाने त्या पानावर तीन लाखांचा आकडा पडतो आणि ते बँकेत भरले जाते. खात्यात तेवढे पैसे नसतात. चेक परत येतो आणि तुमच्या दारात नोटीस येते.

‘‘आकडा मी लिहिलाच नाही,’’ हे सांगणे तिथे पुरत नाही. चलनक्षम दस्तऐवज कायदा १८८१ चा आहे. सही करून अपुरा सोडलेला दस्तऐवज भरण्याचा अधिकार तो घेणाऱ्याला मिळतो, असे त्याच्या कलम २० मध्ये आहे. २०१९ साली बीर सिंह विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते. ते तसे नाही, हे दाखवण्याचे ओझे सही करणाऱ्यावर. आणि शिक्षा काही लहान नाही. कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू आहे. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणून चेक द्यायचाच झाला तर घेणाऱ्याचे नाव, रक्कम अक्षरी आणि आकडी, दोन्ही स्वतःच्या हाताने भरूनच द्यावा. चेकचा क्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. त्यात चेक कशासाठी दिला आणि पैसे फिटल्यावर परत मिळेल, असे लिहून घ्यावे. फेड चेकने किंवा खात्यातूनच करावी, म्हणजे पासबुकात नोंद राहते. पूर्वी कधी कोरा चेक दिलेला असेल आणि देणे फिटले असेल, तर आजच लेखी मागणी करा आणि बँकेला त्या क्रमांकाचा चेक थांबवायला लेखी सांगा. मात्र देणे खरोखर बाकी असताना नुसता चेक थांबवून सुटका होत नाही, कलम १३८ तिथेही लागू पडू शकते. पैसे देणाऱ्याकडे सावकारीचा परवानाच नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कचेरीत तक्रार करता येते.

व्यापाऱ्याने तुम्हाला दिलेला चेक न वटता परत आला तर हाच कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण मुदती पाळाव्या लागतात. बँकेची परतीची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे देण्यासाठी, आणि त्यानंतर एक महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘‘पुढच्या आठवड्यात देतो’’ या शब्दावर पुष्कळांची मुदत निघून जाते. मुळात चेक मिळाला की पेटीत ठेवू नये. १ एप्रिल २०१२ पासून चेक फक्त तीन महिने चालतो, पूर्वीसारखा सहा महिने नाही.

लिहिताना

चेक मराठीतही लिहिता येतो, बरं का. हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषा, तिन्हींना रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. सहीसुद्धा मराठीत चालते, फक्त बँकेत नोंदलेल्या नमुन्याशी जुळली पाहिजे. शके संवताची तारीख घालून हिंदीत लिहिलेला चेकही ग्राह्य धरावा असा नियम आहे, पण त्या फंदात पडू नका, तारखेच्या आठ चौकोनांत इंग्रजी तारीखच घाला.

वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहावे आणि नावाच्या ओळीच्या शेवटी छापलेले ‘या धारक को’ हे शब्द खोडावेत. म्हणजे पैसे त्या नावाच्या खात्यातच जातील. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी आरंभापासून लिहावी आणि शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ ओढावी. पेन्सिल किंवा पुसणारी शाई नको. खाडाखोड झाली तर पान रद्द करून नवे घ्यावे. चित्रावर चालणाऱ्या वटणावळीत तारखेची मुदत वाढवणे सोडून दुसरी कोणतीही दुरुस्ती चालत नाही, मग तिच्याखाली सही केली असली तरी.

खात्यात पैसे आहेत याची खात्री करूनच चेक द्यावा. ‘आज चेक देतो, परवापर्यंत पैसे भरतो’ हा हिशोब आता चुकतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठवले जाऊ लागले आणि सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी तुमच्या खात्यावर येऊन पडू लागला. ५० हजारांपासून पुढच्या चेकची माहिती आपणच बँकेला आधी कळवून ठेवण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम कळवली की कोणी आकडा बदलला तर बँक चेक अडवते. पाच लाखांपासून पुढे बँक हे सक्तीचेही करू शकते. मोबदल्याच्या रकमेतून घर किंवा जमीन घेणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी.

अंगठा उठवणाऱ्या खातेदारांना बँका सहसा चेकबुक देत नाहीत. त्यांनी पासबुक घेऊन स्वतः जावे. दृष्टी नसलेल्या खातेदाराला मात्र केवळ त्या कारणाने चेकबुक नाकारता येत नाही.

कचेरीत ‘रद्द केलेला चेक’ मागतात तेव्हा पानावर आडव्या दोन रेघा मारून मध्ये मोठ्या अक्षरांत ‘रद्द’ लिहावे. सही करू नये. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये. सहीच्या चेकचा तर नाहीच. खालच्या आकड्यांवरून आणि सहीवरून बनावट पान तयार करणारे असतात.

पान किंवा सगळे चेकबुक हरवले तर आधी बँकेला फोन, मग लगेच लेखी अर्ज, त्यात चेकचे क्रमांक. हे क्रमांक आठवत नाहीत, म्हणून चेकबुक आले त्याच दिवशी पहिला आणि शेवटचा क्रमांक पासबुकाच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवावा. चेकबुकाच्या नावाने कोणी फसवून खात्यातून पैसे काढले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

चेकबुक आणि पासबुक एका पिशवीत ठेवू नका. खाते बंद करताना उरलेली पाने शाखेत परत द्या. ते जमत नसेल तर प्रत्येक पानाचे, तळाच्या आकड्यांच्या पट्टीसकट, बारीक तुकडे करून चुलीत घाला.